तीन दिवसांचा स्टॉल चौथ्या दिवशी भंगारात का जातो? उत्तर मानकोलीच्या गोदामांत आहे

कुठल्याही व्यापारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस आठवून पाहा. संध्याकाळी पाहुणे बाहेर पडतात आणि तासाभरात हॉलमध्ये हातोडे आणि पहारी सुरू होतात. सकाळपर्यंत ज्या भिंतीसमोर लोक फोटो काढत होते, तिचं प्लाय उचकटलं जातं. फ्लेक्स फाडून गुंडाळला जातो, कार्पेट ओढून काढलं जातं. दिवे, टीव्ही आणि खुर्च्या टेम्पोत चढतात. बाकीचा ढीग भंगारवाल्याची किंवा कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत पडून राहतो.

तो ढीग फुकटचा नसतो. एखाद्या लहान उद्योजकाने वर्षभरात मार्केटिंगसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांपैकी मोठा भाग त्यात असतो. पुढच्या प्रदर्शनासाठी तोच खर्च पुन्हा करायचा असतो.

गेल्या काही वर्षांत देशात प्रदर्शनांसाठी मोठमोठे हॉल उभे राहिले. मुंबईत बीकेसीमध्ये २०२२ साली जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर सुरू झालं. दिल्लीत जुलै २०२३ मध्ये भारत मंडपम आणि सप्टेंबर २०२३ मध्ये द्वारकेला यशोभूमी. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'भारत टेक्स' हे कापड उद्योगाचं मोठं प्रदर्शन या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी भरलं. गोरेगावचं बॉम्बे एक्झिबिशन सेंटर, वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर, पुण्याजवळ मोशीचं मैदान ही आपल्याकडची ठिकाणं तर आहेतच. प्रदर्शनं वाढली की स्टॉल वाढतात, आणि स्टॉल वाढले की हा ढीगही वाढतो.

मग प्रश्न असा आहे: लोकांना आत यावंसं वाटेल असा, आणि तरीही पुन:पुन्हा वापरता येईल असा स्टॉल बनवता येतो का? येतो. पण त्याचं गणित डिझायनरच्या कॉम्प्युटरवर सुटत नाही. ते सुटतं भिवंडीतल्या मानकोलीसारख्या ठिकाणी, गोदामात.

आधी समजून घेऊ: स्टॉल किती प्रकारचे?

प्रदर्शनात जागा घेताना ढोबळमानाने दोन पर्याय मिळतात.

पहिला, तयार स्टॉल. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव 'शेल स्कीम', पण आपल्याकडे सगळे त्याला 'ऑक्टानॉर्म' म्हणतात. ही मुळात एका जर्मन कंपनीची पद्धत. ॲल्युमिनियमचा आठ बाजूंचा खांब आणि त्याच्या प्रत्येक बाजूला खाच. त्या खाचांत आडव्या पट्ट्या अडकवायच्या आणि मध्ये पांढरे पॅनल सरकवायचे. ३ बाय ३ मीटर, म्हणजे ९ चौरस मीटरचा स्टॉल साधारण असाच मिळतो: तीन बाजूंना भिंती, वर कंपनीचं नाव लिहिलेली पट्टी म्हणजे फेशिया, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि एक प्लग.

दुसरा, मोकळी जागा. आयोजक तुम्हाला फक्त जमीन आखून देतो. वर काय उभारायचं ते तुमचं आणि तुमच्या कॉन्ट्रॅक्टरचं. मोठ्या कंपन्या हाच पर्याय घेतात. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या नजर खेचणारे कमानींचे आणि छतांचे स्टॉल याच प्रकारातले.

यातली गंमत लक्षात घ्या. जो स्टॉल सर्वात साधा आणि स्वस्त मानला जातो, तो आधीच पुन्हा वापरला जाणारा आहे. ऑक्टानॉर्मचे खांब वर्षानुवर्षं एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये फिरतात. भंगारात जातो तो महागडा, खास बनवून घेतलेला स्टॉल.

महागडा स्टॉलच का फेकला जातो?

याची कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं कारण वेळ. हॉल ताब्यात मिळतो प्रदर्शनाच्या एक-दोन दिवस आधी. त्यात सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, फ्लेक्सवाले सगळे एकाच वेळी आत घुसतात. खिळा ठोकणं हा जोडण्याचा सर्वात वेगवान मार्ग. पण खिळ्याने आणि फेव्हिकॉलने जोडलेली वस्तू सुटी करताना तुटते. वर पुट्टी आणि रंग चढला की सांधा कुठे आहे हेच कळत नाही. प्रदर्शन संपल्यावर हॉल काही तासांत रिकामा करून द्यायचा असतो. तेव्हा स्क्रू शोधत कोण बसणार?

दुसरं कारण मालकीचं. कॉन्ट्रॅक्टर सहसा स्टॉलचा एकरकमी भाव देतो. त्या भावात दिवे, खुर्च्या, टीव्ही भाड्याने असतात आणि ते तो परत नेतो. लाकूडकामाचे पैसे मात्र ग्राहकाने एकदाच वापरायच्या हिशेबाने भरलेले असतात. ते परत नेऊन ठेवण्यात कॉन्ट्रॅक्टरचा फायदा नाही, कारण पुढच्या ग्राहकाला नवं हवं असतं. ग्राहकाला ते नेऊन ठेवायला जागा नसते. म्हणजे प्रदर्शन संपल्याच्या क्षणी त्या भिंतीला कोणी वालीच उरत नाही.

तिसरं कारण मापं. या वेळी ६ बाय ३ मीटर जागा मिळाली, पुढच्या वेळी ४ बाय ४ मिळेल. कधी कोपऱ्यावरची दोन बाजूंनी उघडी, कधी रांगेतली एकाच बाजूने उघडी. एका मापाला बेतलेली भिंत दुसऱ्या मापात बसत नाही.

आणि चौथं कारण आपल्या मनात आहे. 'गेल्या वर्षीचाच स्टॉल आणला' असं कोणी म्हणू नये ही भीती.

या चारांपैकी तीन कारणं शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात हा स्टॉल राहणार कुठे?

मानकोली या गोष्टीत कुठून आलं?

समजा, एखादी कंपनी वर्षातून तीन प्रदर्शनांत भाग घेते आणि प्रत्येक प्रदर्शन तीन दिवसांचं आहे. म्हणजे तिचा स्टॉल वर्षातले ९ दिवस लोकांसमोर असतो. उरलेले ३५६ दिवस तो गोदामात किंवा रस्त्यावर असतो. पुन्हा वापरायच्या स्टॉलचं खरं आयुष्य गोदामातच जातं.

मुंबई महानगरात गोदाम म्हटलं की भिवंडी. ठाण्याहून नाशिककडे निघालं की खाडी ओलांडल्यावर मानकोली नाका लागतो. मानकोली, दापोडे, वळ, ओवळी, पूर्णा, काल्हेर, राहनाळ या पट्ट्यात शेतजमिनींवर गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यामागे जकातीचा मोठा हात आहे. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात लागायची. म्हणून माल हद्दीबाहेर, पण शहराच्या जवळ साठवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा, अशी पद्धत पडली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामं मात्र राहिली आणि वाढलीही, कारण तोवर ऑनलाइन खरेदीचा माल याच पट्ट्यातून निघू लागला होता.

रस्तेही याच दिशेने आले. उल्हास नदीच्या खाडीवरच्या मोटागाव-मानकोली पुलाने डोंबिवली या भागाला थेट जोडली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि आमणे हे भिवंडी तालुक्यातलंच गाव. त्यामुळे मानकोलीत ठेवलेला स्टॉल गोरेगावला नेणं जसं एका रात्रीचं काम, तसं तो नाशिकला, छत्रपती संभाजीनगरला किंवा नागपूरला नेणंही आता पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे.

पण गोदाम जवळ असणं पुरेसं नाही. स्टॉल गोदामात राहू शकेल असा बनवावा लागतो. आणि इथेच बहुतेक डिझाइनं नापास होतात.

गोदामापासून उलट्या दिशेने डिझाइन

स्टॉलचं चित्र काढण्याआधी पाच गोष्टी मोजायला हव्यात.

एक, गाडी. भिवंडीच्या गल्ल्यांपासून गोरेगावच्या हॉलपर्यंत सगळीकडे सहज शिरणारी गाडी म्हणजे टाटा एस, आपला 'छोटा हत्ती'. त्याचा हौदा साधारण ७ फूट लांब. आणि प्लायची अख्खी शीट ८ फूट बाय ४ फूट. म्हणजे पूर्ण शीटची भिंत बनवली की मोठी गाडी करावी लागते. त्यात मुंबई-ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे वेळही हातातून जातो. कोणताही तुकडा २ मीटरपेक्षा लांब नको, एवढा एक नियम पाळला तर सगळा स्टॉल छोट्या गाडीत बसू शकतो. उंच भिंत हवी असेल तर ती दोन तुकड्यांत करायची आणि सांधा लपवण्याऐवजी रंगाचा पट्टा तिथेच घ्यायचा.

दोन, वजन. १८ मिलिमीटर जाडीची प्लायची एक अख्खी शीट साधारण ३० किलोच्या घरात जाते. त्यावर लाकडी पट्ट्या आणि सनमायका आला की ती भिंत हलवायला चार माणसं लागतात. ॲल्युमिनियमची चौकट आणि तिच्या खाचेत ताणून बसवलेलं छापील कापड ही पद्धत म्हणूनच पसरली. चौकटीचे भाग सुटे होतात आणि कापड घडी करून पिशवीत जातं. दोन माणसांना उचलता येणार नाही असा एकही भाग नसावा. उचलणारा हमाल हासुद्धा त्या स्टॉलचा वापरकर्ताच आहे.

तीन, पावसाळा. जून ते सप्टेंबर भिवंडीतल्या गोदामातली हवा कशी असते हे तिथे काम करणाऱ्या कोणालाही विचारा. स्वस्त कमर्शिअल प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो आणि कडांना सुटतो. आयएस ३०३ मानकात ओलावा सहन करणारा साधा एमआर दर्जा आणि पाण्याला जास्त टिकणारा बीडब्ल्यूआर दर्जा असे दोन प्रकार आहेत. जिथे लाकूड लागेलच, तिथे दुसरा घ्यावा. कापडाची पिशवी बंद करण्याआधी कापड पूर्ण कोरडं हवं, नाहीतर पुढच्या प्रदर्शनात बुरशीचे डाग घेऊनच ते उघडेल. आणि सगळं जमिनीवर न ठेवता पॅलेटवर ठेवावं.

चार, आग. भिवंडीतल्या गोदामांच्या आगी ही दुर्दैवाने नेहमीची बातमी आहे. लाकूड, फोम, थिनर, फ्लेक्स यांचा ढीग म्हणजे सरपणच. ॲल्युमिनियम पेट घेत नाही. कापड आगप्रतिबंधक प्रक्रिया केलेलं घ्यावं आणि रंगाचे उरलेले डबे स्टॉलसोबत ठेवू नयेत. गोदामाच्या विम्यात तुमचा स्टॉल धरला आहे का, हेही विचारावं.

पाच, यादी. वर्षभराने पेटी उघडल्यावर कोणता तुकडा कुठे लागतो हे कोणालाच आठवत नाही. प्रत्येक भागावर नंबर, पेटीच्या झाकणाच्या आत जोडणीचं चित्र, आणि स्क्रूची वेगळी डबी. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चार स्क्रू सापडले नाहीत म्हणून अख्खी भिंत टाकून नवीन ठोकली जाते, आणि पुन्हा वापरण्याची कल्पना तिथेच संपते.

मग तो स्टॉल रुक्ष दिसणार नाही का?

हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. सुट्या भागांचा स्टॉल म्हणजे पांढऱ्या पॅनलचा कंटाळवाणा डबा, असा समज आहे. त्याचं उत्तर देण्याआधी दुसरा प्रश्न विचारू: प्रदर्शनात फिरताना आपण एखाद्या स्टॉलमध्ये शिरतो आणि दुसऱ्याच्या समोरून पुढे जातो, ते कशामुळे?

आपण थांबतो, कारण समोरून आत काय आहे ते दिसतं. काय विकतात ते एका ओळीत कळतं. हाताळायला नमुना असतो. दिवसभर चालून पाय दुखत असताना टेकायला जागा असते. आणि आतला माणूस मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला नसतो.

आपण पुढे जातो, कारण दारातच टेबल आडवं टाकलेलं असतं आणि त्यामागे तिघं जण परीक्षकांसारखे बसलेले असतात. किंवा स्टॉल जमिनीपासून उचललेल्या चौथऱ्यावर असतो आणि वर चढलं म्हणजे काहीतरी विकत घ्यावंच लागेल असं वाटतं. किंवा तिन्ही बाजूंनी उंच भिंती असतात आणि आत काय चाललंय ते कळतच नाही.

आता ही दुसरी यादी पुन्हा वाचा. उंच भिंती, चौथरा, दारातलं जड काउंटर. प्रदर्शन संपल्यावर भंगारात जातात त्या नेमक्या याच वस्तू. पहिल्या यादीतल्या गोष्टी, म्हणजे उजेड, नमुने, दोन स्टूल, एक ठळक ओळ आणि बोलका माणूस, या सगळ्या सहज परत नेता येतात. स्टॉलमधलं जे फेकलं जातं, त्यातलं बरंचसं लोकांना अडवणारंच असतं.

चौथऱ्याचंच उदाहरण घेऊ. वायरी लपवण्यासाठी जमीन १० सेंटिमीटर उचलतात. व्हीलचेअरवरच्या माणसाला वर येता यावं म्हणून उतार द्यायचा, तर सुगम्यतेच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तो १ ला १२ या प्रमाणात हवा. म्हणजे १० सेंटिमीटरसाठी १२० सेंटिमीटर लांब उतार. तीन मीटर खोल स्टॉलमधली सव्वा मीटर जागा उतारातच गेली. म्हणून बहुतेक जण उतार देतच नाहीत. त्यापेक्षा चौथराच नको. वायरी मागच्या भिंतीच्या चौकटीतून न्या आणि जमीन सपाट ठेवा. व्हीलचेअर येईल, बाळाची ढकलगाडी येईल, ट्रॉली बॅग ओढणारा खरेदीदारही येईल. आणि चौथऱ्याचं प्लाय, कार्पेट, मजुरी सगळं वाचेल.

काउंटरचंही तसंच. ते मागे किंवा बाजूच्या भिंतीला लावलं की समोरची पूर्ण बाजू मोकळी होते. मध्ये दीड मीटर मोकळी जागा राहिली तर व्हीलचेअर वळू शकते आणि एरवी तिथे चार माणसं उभी राहून बोलू शकतात. काउंटरची पेटी आतून पोकळ असेल तर परतीच्या प्रवासात त्यातच दिवे आणि वायरी जातात.

अक्षरांबद्दल एक साधा ठोकताळा पाळला जातो: १० फुटांवरून आरामात वाचायला अक्षर किमान एक इंच उंच हवं. हॉलमधल्या मुख्य रस्त्यावरून, ३० फुटांवरून दिसायचं असेल तर तीन इंच. आणि त्या अक्षरांत 'गुणवत्तेचा विश्वास' लिहू नका, कारण तो सगळेच लिहितात. तुम्ही काय बनवता ते लिहा. ज्या भाषेत तुमचा ग्राहक भाव विचारतो, त्या भाषेत लिहा.

भिवंडीकडे स्वतःचं उत्तर आहे

भिवंडीची दुसरी ओळख यंत्रमागांची. इथला कापड उत्पादक प्रदर्शनात जातो तेव्हा बहुतेकदा आपलं कापड प्लायच्या भिंतीवर टांगतो. त्याऐवजी त्याचं कापड हीच भिंत का होऊ नये?

हलकी चौकट आणि त्यावर ताणलेलं स्वतःच्या मागावरचं कापड. ग्राहकाने आत येताना भिंतीला हात लावला की माल हाताळून झाला. पुढच्या हंगामात चौकट तीच, कापड नवं. म्हणजे 'गेल्या वर्षीचाच स्टॉल' असं कोणी म्हणणार नाही. उतरवलेल्या कापडाच्या पिशव्या शिवता येतात. आगप्रतिबंधक प्रक्रिया मात्र हवीच, त्यात सवलत नाही. हातात घेऊन पाहायच्या नमुन्यांवर ती प्रक्रिया नको, कारण तिने कापडाचा स्पर्श बदलू शकतो.

खरं तर ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या गल्लीतला मांडववाला पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला आहे. तेच बांबू, तेच लोखंडी पाइप, तेच पडदे. गणपतीला एक रूप, लग्नाला दुसरं, सत्यनारायणाला तिसरं. सुतळीची गाठ मारायची आणि काम झालं की सोडायची. आठवडी बाजारातला विक्रेताही दर आठवड्याला आपलं दुकान उभारतो आणि गुंडाळतो. २०१८ च्या प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीनंतर घराघरांत पुठ्ठ्याची, कापडाची, घडी करून माळ्यावर ठेवता येणारी मखरं दिसू लागली. जे आपण बाप्पाच्या मखराला करू शकलो, ते स्टॉलला करणं काही अवघड नाही.

जगातल्या पहिल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनाची गोष्टही हेच सांगते. १८५१ साली लंडनमध्ये हाइड पार्कात जे महाप्रदर्शन भरलं, त्याची काचेची आणि लोखंडाची इमारत 'क्रिस्टल पॅलेस' ठरावीक मापाच्या सुट्या भागांची होती. जोसेफ पॅक्सटनने ती आखली. प्रदर्शन संपल्यावर ती उतरवली गेली आणि १८५४ साली सिडनहॅमला वाढवून पुन्हा उभारली गेली. १९३६ च्या आगीपर्यंत ती तिथे उभी होती.

पैशांचा हिशेब: कधी परवडतं, कधी नाही

खालचे आकडे एका काल्पनिक कंपनीचे आहेत, फक्त हिशेबाची रीत कळावी म्हणून. त्यात स्वतःचे आकडे घालून पाहा.

समजा, १८ चौरस मीटरचा एकदाच वापरायचा स्टॉल दर वेळी दीड लाख रुपयांना पडतो. तेवढाच पुन्हा वापरता येणारा स्टॉल एकदाच साडेतीन लाखांना बनतो. मग प्रत्येक प्रदर्शनासाठी वाहतूक, जोडणी आणि नवीन छपाई मिळून ४५ हजार. सुटा केल्यावर तो ६० चौरस फुटांत मावतो आणि गोदामाचं भाडं महिन्याला चौरस फुटाला २० रुपये. म्हणजे वर्षाला १४,४०० रुपये.

वर्षाला तीन प्रदर्शनं असतील तर पहिल्या वर्षी एकदाच वापरायच्या स्टॉलवर साडेचार लाख जातात आणि दुसऱ्यावर जवळपास ५ लाख. म्हणजे पहिल्या वर्षी पुन्हा वापरायचा स्टॉल महाग पडतो. दुसऱ्या वर्षी दुरुस्तीचे ३० हजार धरूनही चित्र उलटं होतं. दोन वर्षांची बेरीज: एकीकडे ९ लाख, दुसरीकडे सुमारे ६ लाख ७९ हजार. वाचले सव्वादोन लाखांच्या आसपास.

पण वर्षाला एकच प्रदर्शन असेल तर? तीन वर्षांनीही पुन्हा वापरायचा स्टॉल तोट्यातच असतो आणि चौथ्या वर्षी कशीबशी बरोबरी होते, तीही दुरुस्ती न धरता. अशा कंपनीने स्टॉल विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये. सुट्या भागांचा स्टॉल भाड्याने घ्यावा, किंवा ऑक्टानॉर्मच्या तयार स्टॉलवर फक्त स्वतःचं कापड, दिवे आणि स्टूल न्यावेत. संघटनेतल्या चार-पाच उद्योजकांनी मिळून एक स्टॉल घेणं हा तिसरा मार्ग. तारखा वेगळ्या असतील तर एकाच स्टॉलची पाच प्रदर्शनं होतात.

या हिशेबात एक अट दडलेली आहे. हे सगळं तेव्हाच खरं ठरतं, जेव्हा स्टॉल खरोखर परत जातो. परतीचं पॅकिंग करायला दोन माणसं आणि काही तास जास्त लागतात. ते पैसे आणि तो वेळ आधीच ठरवला नाही तर साडेतीन लाखांचा स्टॉलही पहिल्याच रात्री मोडला जातो.

कागदपत्रांची भीती बाळगू नका

स्टॉल तुमचा असला की तो रस्त्यावरून नेताना कागद लागतात. तुम्ही तो विकत नसता, त्यामुळे विक्रीचं बिल बनत नाही. जीएसटी नियम ५५ प्रमाणे डिलिव्हरी चलन बनवायचं आणि त्यावर 'प्रदर्शनासाठी, परत येणार' असं कारण लिहायचं. मालाची किंमत मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख रुपये आहे, राज्याबाहेर जाताना ५० हजार. स्टॉलसोबत विक्रीचा माल असेल तर त्याचे कागद वेगळे ठेवावेत. परदेशातल्या प्रदर्शनाला पाठवलेला माल ही विक्री नसते, हेही केंद्रीय जीएसटी यंत्रणेने जुलै २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

लघुउद्योगांसाठी केंद्राची खरेदी आणि विपणन सहाय्य योजना आहे. त्यात प्रदर्शनातल्या जागेच्या भाड्यासाठी मदत मिळते, आणि महिला तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांना ती जास्त मिळते. मुंबईत साकीनाक्याच्या एमएसएमई विकास कार्यालयात अर्जाची माहिती मिळते. पण या मदतीचा रोख जागेच्या भाड्यावर आहे. पुन्हा वापरता येणाऱ्या स्टॉलला त्यात वेगळं प्रोत्साहन मिळालं तर लहान उद्योजकाचा पहिल्या वर्षीचा अडसर दूर होईल.

नियम काय म्हणतात, आणि चेंडू कोणाच्या कोर्टात?

१ जुलै २०२२ पासून देशभरात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. पण स्टॉलवर लागणारा नेहमीचा फ्लेक्स त्यापेक्षा जाड असतो, म्हणून तो चालतो. पीव्हीसी आणि जाळी एकत्र चिकटवलेली असल्याने त्याचा पुनर्वापर कारखान्यात अवघड. त्याचं दुसरं आयुष्य आपल्याला ठाऊक आहे: पावसाळ्यात झोपड्यांच्या छतावर. बंदी आहे ती बॅनरच्या जाडीवर. अख्खा स्टॉल मोडून टाकण्याला या नियमाने काहीच फरक पडत नाही.

जगात बदल आयोजकांकडून येतो आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत प्रदर्शन उद्योगाने 'नेट झिरो कार्बन इव्हेंट्स' ही मोहीम जाहीर केली. भारतातही प्रदर्शनं भरवणाऱ्या इन्फॉर्मा मार्केट्सने 'बेटर स्टँड्स' नावाने स्टॉलना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा श्रेणी देण्याची पद्धत आणली. श्रेणी वाढेल तसे स्टॉलचे अधिकाधिक भाग पुन्हा वापरता येणारे असावे लागतात.

आयोजकच का? कारण हॉलचं वेळापत्रक त्याच्या हातात आहे. उतरवायला काही तास जास्त दिले तर स्क्रू काढायला वेळ मिळेल. मागे टाकलेल्या कचऱ्याचं वजन करून त्याचे पैसे अनामत रकमेतून कापले, तर ढिगाला अचानक मालक सापडेल. आज कचरा टाकणाऱ्याला आणि न टाकणाऱ्याला एकच भाडं पडतं.

या बदलाचा एक भार सुतार आणि रंगाऱ्यांवर पडेल, हेही मान्य करायला हवं. दर प्रदर्शनाला नवं ठोकायचं काम कमी झालं तर त्यांच्या रोजंदारीचे दिवस कमी होतील. दुसरीकडे, आज ते काम रात्रभर जागून, बंद हॉलमध्ये, प्लायच्या भुशात आणि थिनरच्या वासात चालतं. सुट्या स्टॉलची दुरुस्ती, डागडुजी, नवी जोडणी हे काम गोदामात दिवसाउजेडी होऊ शकतं. मानकोलीच्या पट्ट्यात अशी दुरुस्तीची कामं उभी राहिली तर त्यातला काही रोजगार तिथेच टिकेल. पण तो आपोआप टिकणार नाही. एकरकमी भावात देखभालीची वेगळी ओळ लिहिली गेली, तरच.

कॉन्ट्रॅक्टरला विचारायचे पाच प्रश्न

पुढच्या प्रदर्शनासाठी कोटेशन मागवाल तेव्हा रंगीत चित्र पाहण्याआधी हे विचारा:

१. सर्वात लांब आणि सर्वात जड तुकडा कोणता? तो कोणत्या गाडीत जाईल आणि किती माणसं उचलतील?

२. हाच स्टॉल ६ बाय ३ आणि ४ बाय ४, दोन्ही मापांत उभा राहतो का?

३. खिळे आणि गोंद नेमके कुठे वापरले आहेत?

४. प्रदर्शनानंतर कोणता भाग माझा आणि कोणता तुमचा? तो कुठे आणि किती भाड्याने ठेवला जाईल?

५. उतरवण्याची आणि पॅक करण्याची मजुरी या भावात आहे का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळाली, तर समोरच्या माणसाने असा स्टॉल आधी बनवलेला आहे. चौथ्या प्रश्नाला तो अडखळला, तर तुमचा स्टॉल चौथ्या दिवशी कुठे असेल हे तुम्हाला आजच कळलं.